सर्व वापरकर्त्यांसाठी प्रोग्रॅम शॉर्टकट

सर्व वापरकर्त्यांसाठी शॉर्टकट हा संगणकावर सॉफ्टवेअर बसवताना इन्स्टॉलरने तयार केलेला दुवा होय. त्या संगणकावर खाते असलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या स्टार्ट मेनूत अथवा डेस्कटॉपवर तो दिसतो. याउलट, ज्याच्या खात्यातून सॉफ्टवेअर बसवले गेले त्या एकट्यालाच दिसणाऱ्या दुव्यास वैयक्तिक शॉर्टकट म्हणतात. दोन्ही दुव्यांची फाइल एकाच प्रकारची असते. ती कोणत्या फोल्डरात ठेवली आहे, एवढ्यावरच हा भेद अवलंबून असतो. तथापि योग्य फोल्डर निवडण्यासाठी प्रोग्रॅम कोठे बसला आहे, तो कोणाच्या अधिकाराने बसला आहे आणि पुढे तो कोण काढून टाकणार आहे, या तिन्ही गोष्टींचा मेळ इन्स्टॉलरला घालावा लागतो.

शाळेची संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यालय किंवा घर, अशा अनेक ठिकाणी एकच संगणक अनेक जण आपापल्या खात्यातून वापरतात. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने स्वतःच्या खात्यातून प्रोग्रॅम बसवावा आणि विद्यार्थ्याने आपल्या खात्यातून प्रवेश केल्यावर त्याला मेनूत त्याचे नावही दिसू नये, हा प्रकार सर्रास घडतो. प्रोग्रॅम डिस्कवर पूर्णपणे उपस्थित असतो, चालवण्याची मुभाही असते. केवळ दार दिसत नाही. मग कोणी तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवतो, कोणी विद्यार्थ्यांना प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड देऊन टाकतो. पहिला उपाय निरर्थक आहे आणि दुसरा घातक.

प्रस्तुत लेखात मुख्यतः विंडोज या संचालन प्रणालीचा विचार केला असून शेवटी लिनक्स व मॅकओएस यांतील व्यवस्था थोडक्यात दिली आहे. फोल्डर, आज्ञा व गुणधर्म यांची नावे प्रत्यक्ष संगणकावर रोमन लिपीत असतात. येथे ती उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत.

शॉर्टकट फाइलचे स्वरूप

विंडोज ९५ (१९९५) पासून शॉर्टकट ही 'एलएनके' हे विस्तारनाम असलेली एक लहानशी स्वतंत्र फाइल असते. हे विस्तारनाम विंडोज सहसा वापरकर्त्यास दाखवत नाही. फाइलमध्ये मूळ प्रोग्रॅमचा मार्ग, त्यास द्यावयाचे अतिरिक्त शब्द, कामाचे फोल्डर, चिन्ह कोठून घ्यावयाचे त्याचा उल्लेख, वर्णन, कळफलकावरील जोडकळ आणि खिडकी कोणत्या आकारात उघडावी याची सूचना, इतकी माहिती साठवलेली असते. शॉर्टकट पुसला तरी मूळ प्रोग्रॅम पुसला जात नाही.

ही फाइल हाताने लिहिण्याची आवश्यकता नसते. 'आय-शेल-लिंक' या विंडोजच्या जोडणीद्वारे ती तयार केली जाते. इन्स्टॉलर तयार करण्याची सर्व प्रचलित साधने अंतर्यामी हाच मार्ग वापरतात. 'डब्ल्यूस्क्रिप्ट-शेल' या वस्तूच्या 'क्रिएट-शॉर्टकट' आज्ञेने छोट्या स्क्रिप्टमधूनही शॉर्टकट बनवता येतो, आणि त्याच वस्तूच्या विशेष फोल्डरांच्या यादीत 'ऑल-यूजर्स-प्रोग्रॅम्स' व 'ऑल-यूजर्स-डेस्कटॉप' ही नावे मिळतात.

सामाईक व वैयक्तिक फोल्डर

स्टार्ट मेनूतील प्रोग्रॅमांची यादी दोन फोल्डरांच्या मिलाफातून तयार होते. विंडोज व्हिस्टापासून पुढील आवृत्त्यांत सामाईक फोल्डर 'सी:\प्रोग्रॅमडेटा\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\स्टार्ट मेनू\प्रोग्रॅम्स' येथे असते. वैयक्तिक फोल्डर प्रत्येकाच्या खात्यात, 'सी:\यूजर्स' खालील त्या व्यक्तीच्या नावाच्या फोल्डरात, 'अ‍ॅपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\स्टार्ट मेनू\प्रोग्रॅम्स' येथे असते. दोहोंत एकाच नावाचे उपफोल्डर असल्यास मेनूत ते एकच दिसते, त्यामुळे मेनूकडे पाहून कोणता शॉर्टकट कोठून आला हे ओळखता येत नाही. डेस्कटॉपचेही तसेच आहे: 'सी:\यूजर्स\पब्लिक\डेस्कटॉप' मधील चिन्हे आणि व्यक्तीच्या स्वतःच्या डेस्कटॉप फोल्डरातील चिन्हे एकाच पडद्यावर एकत्र मांडली जातात.

शंका आल्यास 'रन' खिडकीत 'शेल:कॉमन प्रोग्रॅम्स' असे टंकित केल्यास सामाईक आणि 'शेल:प्रोग्रॅम्स' असे टंकित केल्यास वैयक्तिक फोल्डर उघडते. दोन्ही शेजारी उघडून पाहिले की बहुतेक तक्रारींचे निदान तेथेच होते.

सामाईक स्टार्ट मेनू व सार्वजनिक डेस्कटॉप सर्वांना वाचता येतात, पण त्यांत लिहिण्याचा वा त्यांतून काढण्याचा अधिकार प्रशासकांपुरता मर्यादित असतो. या मर्यादेचे कारण उघड आहे. सर्वांच्या मेनूत आपला दुवा घालण्याची मुभा कोणालाही असती, तर एका खात्यातील व्यक्तीने परिचित नावाखाली भलताच प्रोग्रॅम लावून इतरांकडून, अगदी प्रशासकाकडूनही, तो चालवून घेतला असता.

या फोल्डरांचे पत्ते काळानुसार बदलत गेले आहेत. विंडोज एनटी ३.१ (१९९३) मध्ये स्टार्ट मेनू नव्हता. 'प्रोग्रॅम मॅनेजर' मधील गटांचे सामाईक व वैयक्तिक असे दोन प्रकार होते आणि सामाईक गट निर्माण करण्यास विशेष अधिकार लागे. आजच्या विभागणीचे मूळ तेथे आहे. एनटी ४.० (१९९६) मध्ये स्टार्ट मेनू आला व सामाईक दुवे 'विनएनटी\प्रोफाइल्स\ऑल यूजर्स' खाली जाऊ लागले. विंडोज २००० व एक्सपीमध्ये ते 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज\ऑल यूजर्स' खाली गेले आणि व्हिस्टात वर दिलेल्या ठिकाणी आले. जुन्या प्रोग्रॅमांची अडचण होऊ नये म्हणून विंडोजने जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे नेणारे जोडदुवे ठेवले आहेत. 'सी:\यूजर्स\ऑल यूजर्स' उघडल्यास प्रत्यक्षात 'प्रोग्रॅमडेटा' उघडते ते यामुळेच.

याहून महत्त्वाची बाब भाषेची. एक्सपीपर्यंत अन्य भाषांतील विंडोजमध्ये या फोल्डरांची प्रत्यक्ष नावेच अनुवादित असत. जर्मन एक्सपीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे फोल्डर अस्तित्वातच नव्हते, त्याचे जर्मन नाव होते. व्हिस्टापासून खरे नाव इंग्रजी राहते व पडद्यावर दिसणारे नाव तेवढे बदलते. म्हणून इन्स्टॉलरमध्ये पत्ता अक्षरशः लिहून ठेवणे हा दोष मानला जातो. पत्ता विंडोजकडूनच विचारून घ्यावा: जुन्या पद्धतीत 'सीएसआयडीएल-कॉमन-प्रोग्रॅम्स' या सांकेतिक नावाने, व्हिस्टापासून 'फोल्डरआयडी-कॉमन-प्रोग्रॅम्स' व 'फोल्डरआयडी-पब्लिक-डेस्कटॉप' या नावांनी.

'सध्याचा वापरकर्ता' कोण

वैयक्तिक शॉर्टकट 'सध्याच्या वापरकर्त्याच्या' मेनूत जातो, असे इन्स्टॉलरच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. हे विधान वरवर सोपे आहे; परंतु संगणकासमोर बसलेली व्यक्ती आणि इन्स्टॉलर ज्याच्या नावाने चालतो ते खाते ही दोन्ही एक असतीलच असे नाही. या विषयातील निम्म्याहून अधिक घोटाळे या एका गैरसमजातून उद्भवतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विंडोज व्हिस्टात 'यूजर अकाउंट कंट्रोल' ही व्यवस्था आली. तीनुसार, ज्याचे खाते प्रशासकाचेच आहे त्याने इन्स्टॉलर सुरू केला तर विंडोज केवळ संमती विचारते आणि इन्स्टॉलर त्याच खात्याच्या वाढीव अधिकाराने चालतो. येथे घोटाळा होत नाही. परंतु सामान्य खात्यातील व्यक्तीने इन्स्टॉलर सुरू केला, तर विंडोज प्रशासकाचे नाव व पासवर्ड मागते. प्रशासक शेजारी येऊन तो टंकित करतो. त्या क्षणापासून इन्स्टॉलर प्रशासकाच्या खात्यात चालू लागतो, आणि 'सध्याचा वापरकर्ता' म्हणजे तो प्रशासक ठरतो. इन्स्टॉलरने वैयक्तिक शॉर्टकट तयार केला, तर तो प्रशासकाच्या मेनूत जातो. ज्याने प्रोग्रॅम मागितला होता, ज्याच्या पडद्यावर हे सर्व घडले, त्याला मात्र काहीच दिसत नाही. 'यशस्वीरीत्या स्थापित झाले' हा संदेश तेवढा दिसतो, आणि तो खोटाही नसतो.

मोठ्या संस्थांत प्रोग्रॅम एकेका संगणकावर जाऊन बसवले जात नाहीत. मध्यवर्ती व्यवस्थेतून शेकडो संगणकांवर पाठवले जातात. अशा वेळी इन्स्टॉलर सहसा 'सिस्टिम' या अंतर्गत खात्यातून चालतो. या खात्यालाही स्वतःचे प्रोफाइल फोल्डर असते व ते 'विंडोज\सिस्टिम३२\कॉन्फिग\सिस्टिम-प्रोफाइल' येथे दडलेले असते. वैयक्तिक शॉर्टकट तेथे जाऊन पडतो. या खात्यातून कोणीही मनुष्य कधी प्रवेश करत नसल्याने तो कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. इन्स्टॉलर प्रशासकाच्या अधिकाराने चालत असेल, तर त्याने कोणत्याही वैयक्तिक फोल्डरास हात लावू नये. शॉर्टकटच नव्हे, तर वापरकर्त्याची प्राधान्ये, नमुना फाइली व 'एचकी-करंट-यूजर' खालील रजिस्ट्री नोंदी यांनाही हाच नियम लागू पडतो. या वैयक्तिक वस्तू प्रोग्रॅमने प्रत्येकाच्या खात्यात प्रथम चालताना स्वतः निर्माण कराव्यात.

दोन आडवाटाही वापरात आहेत. पहिली म्हणजे 'सी:\यूजर्स' मधील प्रत्येक व्यक्तीच्या फोल्डरात शॉर्टकटची प्रत टाकत जाणे. यात उद्या निर्माण होणाऱ्या खात्यांची सोय होत नाही. दुसरी म्हणजे 'डीफॉल्ट' या आदर्श प्रोफाइलमध्ये शॉर्टकट ठेवणे. नवीन खाते प्रथम उघडताना विंडोज या प्रोफाइलची नक्कल करते; म्हणून नव्यांना शॉर्टकट मिळतो, आधीच्यांना मिळत नाही. शिवाय दोन्ही वाटांनी झालेल्या प्रती प्रोग्रॅम काढून टाकल्यावरही मागे राहतात. एक सामाईक फाइल जे काम करते ते दहा प्रतींनी होत नाही.

इन्स्टॉलर साधनांतील पद्धती

विंडोज इन्स्टॉलर. 'एमएसआय' फाइली चालवणारी ही मायक्रोसॉफ्टची सेवा ऑफिस २००० बरोबर १९९९ मध्ये प्रचारात आली. तिच्यात निर्णय 'ऑलयूजर्स' या एका गुणधर्मावर अवलंबून असतो. त्याचे मूल्य १ असल्यास स्थापना संपूर्ण यंत्रासाठी होते, मूल्य रिकामे असल्यास एका व्यक्तीसाठी. 'प्रोग्रॅम-मेनू-फोल्डर' व 'डेस्कटॉप-फोल्डर' ही नावे त्यानुसार आपोआप सामाईक किंवा वैयक्तिक पत्त्याकडे वळतात. शॉर्टकटच्या तक्त्यात वेगळे काही लिहावे लागत नाही. या सोयीमुळेच फसगतही होते, कारण गुणधर्म लिहायचा राहिला तर चूक कोठेही दिसत नाही, पॅकेज निमूटपणे वैयक्तिक ठरते. मूल्य २ दिल्यास परिस्थितीनुसार निर्णय होतो. विंडोज ७ पासून त्यासोबत 'एमएसआय-इन्स्टॉल-पर-यूजर' हा गुणधर्म देऊन एकाच पॅकेजमधून दोन्ही प्रकार साधता येतात.

एकदा घेतलेला हा निर्णय पुढील आवृत्तीत बदलणे कठीण असते. जुनी आवृत्ती काढून नवी बसवताना विंडोज इन्स्टॉलर आपल्याच प्रकारातील जुनी आवृत्ती शोधतो. पहिली आवृत्ती एका व्यक्तीसाठी बसलेली असेल व दुसरी सर्वांसाठी असेल, तर दुसरीला पहिली सापडत नाही. दोन्ही नांदू लागतात आणि त्या व्यक्तीच्या मेनूत एकाच नावाचे दोन शॉर्टकट दिसतात, त्यांतील एक जुन्या आवृत्तीकडे नेणारा.

विंडोज इन्स्टॉलरमध्ये 'जाहिरात केलेला' शॉर्टकट असाही एक प्रकार आहे. तो फाइलच्या मार्गाकडे बोट न दाखवता प्रोग्रॅमच्या एका वैशिष्ट्याकडे दाखवतो. कोणी तो उघडला की विंडोज इन्स्टॉलर त्या वैशिष्ट्याचे सर्व घटक जागेवर आहेत का हे आधी तपासतो आणि एखादा नसल्यास दुरुस्ती सुरू करतो. दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात आवश्यक रजिस्ट्री नोंदी नसतील, तर तिने प्रथम शॉर्टकट उघडताच त्या निर्माण होतात. कल्पना चतुर आहे. परंतु दुरुस्तीसाठी मूळ एमएसआय फाइल लागली व ती पेन ड्राइव्हवर किंवा काढून टाकलेल्या फोल्डरात असली, तर प्रोग्रॅमऐवजी ती फाइल मागणारी खिडकी समोर येते. हा प्रकार बंद ठेवण्यासाठी 'डिसेबल-अ‍ॅडव्ह्ट-शॉर्टकट्स' हा गुणधर्म आहे.

विक्स. एमएसआय फाइली तयार करण्याचे हे साधन मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केले. त्यात शॉर्टकट लिहिताना नवशिक्यांस एक विसंगती हमखास अडवते. पॅकेज सर्वांसाठी असले, तरी तपासणीचे नियम मेनूतील फोल्डरास व्यक्तीचे फोल्डर समजतात आणि शॉर्टकटच्या घटकास 'एचकी-करंट-यूजर' मधील नोंद ही मुख्य खूण असावी असा आग्रह धरतात. तपासणी पॅकेज तयार होतानाच होते व पुढे 'ऑलयूजर्स' चे मूल्य काय असेल हे तिला ठाऊक नसते, हे त्यामागील कारण. व्यवहारात ही औपचारिक नोंद लिहून पुढे जातात. शॉर्टकट त्याने वैयक्तिक होत नाही.

इनो सेटअप. १९९७ पासून प्रसिद्ध होत असलेले हे विनामूल्य साधन लहान प्रोग्रॅमांच्या लेखकांत विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या स्क्रिप्टमधील 'आयकॉन्स' या विभागात शॉर्टकटची जागा महिरपी कंसातील नावाने देतात: 'कॉमनप्रोग्रॅम्स' म्हणजे सामाईक, 'यूजरप्रोग्रॅम्स' म्हणजे वैयक्तिक. सहाव्या आवृत्तीत (२०१९) 'ऑटोप्रोग्रॅम्स' व 'ऑटोडेस्कटॉप' ही नावे आली. इन्स्टॉलर प्रशासकाच्या अधिकाराने चालत असल्यास ती सामाईक, अन्यथा वैयक्तिक फोल्डर देतात. 'प्रिव्हिलेजेस-रिक्वायर्ड' चे मूल्य न दिल्यास ते 'अ‍ॅडमिन' धरले जाते. 'प्रिव्हिलेजेस-रिक्वायर्ड-ओव्हरराइड्स-अलाउड' मध्ये 'डायलॉग' लिहिले, तर 'सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी' हा प्रश्न आरंभीच विचारला जातो. प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये वैयक्तिक फोल्डराचा उल्लेख आढळल्यास इनो सेटअप इशारा देते. हा इशारा बंद करण्याचीही सोय आहे, ती वापरण्यापूर्वी मागील विभागातील कारणे आठवावीत.

एनएसआयएस. विनॅम्प हा संगीतवादक तयार करणाऱ्या नलसॉफ्टने निर्माण केलेल्या या साधनात मेनूच्या फोल्डराचे एकच नाव आहे, 'एसएमप्रोग्रॅम्स'. त्याचा अर्थ 'सेट-शेल-व्हार-कॉन्टेक्स्ट' या आज्ञेने बदलतो. तिच्यापुढे 'ऑल' लिहिल्यास सामाईक, 'करंट' लिहिल्यास वैयक्तिक. काहीही न लिहिल्यास 'करंट' धरले जाते. इनो सेटअपची सवय असलेल्यास हे लक्षात राहत नाही. या आज्ञेने डेस्कटॉप व 'अ‍ॅपडेटा' या नावांचेही अर्थ बदलतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. काढून टाकणारा प्रोग्रॅम (अनइन्स्टॉलर) येथे स्वतंत्र असतो व त्याची सुरुवात पुन्हा 'करंट' पासून होते. इन्स्टॉलरमध्ये 'ऑल' लिहिले आणि अनइन्स्टॉलरमध्ये विसरले, तर प्रोग्रॅम जातो पण सर्वांच्या मेनूत मृत दुवा राहतो. शॉर्टकटच्या कामाचे फोल्डर म्हणून त्या क्षणी लागू असलेले 'आउटडिर' घेतले जाते. ते चुकले असेल तर मेनूतून उघडलेला प्रोग्रॅम आपल्या शेजारच्या फाइली सापडत नाहीत म्हणून कुरकुर करतो.

जागांचा मेळ

सामाईक शॉर्टकट ज्याकडे बोट दाखवतो तो प्रोग्रॅमही सर्वांना पोचता येईल अशा जागी, म्हणजे सहसा 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये, असावा. काही प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराविना बसता यावेत म्हणून व्यक्तीच्या 'अ‍ॅपडेटा\लोकल' खाली बसतात; व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा 'यूजर' इन्स्टॉलर हे त्याचे परिचित उदाहरण. अशा प्रोग्रॅमचा शॉर्टकट प्रशासकाने हाताने सार्वजनिक डेस्कटॉपवर नेऊन ठेवला, तरी इतरांना उपयोग होत नाही. त्यांना चिन्ह दिसते, पण एका व्यक्तीच्या खासगी फोल्डरात शिरण्याची परवानगी नसल्याने प्रोग्रॅम उघडत नाही. अशा वेळी त्याच प्रोग्रॅमचा सर्वांसाठी असलेला 'सिस्टिम' इन्स्टॉलर उपलब्ध आहे का ते पाहावे.

काढून टाकण्याची नोंदही त्याच पातळीवर हवी. सर्वांसाठी बसलेल्या प्रोग्रॅमची नोंद रजिस्ट्रीत 'एचकी-लोकल-मशीन' खाली, व्यक्तीसाठी बसलेल्याची 'एचकी-करंट-यूजर' खाली जाते. सामाईक फोल्डरात शॉर्टकट आणि वैयक्तिक नोंद असा संकर झाला, तर ज्याने प्रोग्रॅम बसवला त्याचे खाते बंद झाल्यावर तो रीतसर काढण्याचा मार्गच उरत नाही.

सार्वजनिक डेस्कटॉपच्या बाबतीत संयम अपेक्षित आहे. तेथील चिन्ह सामान्य वापरकर्त्यास नको असले तरी स्वतःच्या अधिकारात पुसता येत नाही. पुसू पाहिल्यास प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. म्हणून डेस्कटॉपवरील चिन्ह विचारून ठेवावे, असा संकेत आहे व तो योग्य आहे. मेनूतही मुख्य प्रोग्रॅमचा एक दुवा पुरेसा असतो. साहाय्य, संकेतस्थळ व काढून टाकण्याचा दुवा यांची गर्दी टाळावी. सामाईक 'स्टार्टअप' फोल्डरात ठेवलेला शॉर्टकट तर प्रत्येकाने प्रवेश करताच आपोआप चालतो, तेव्हा तेथे काही ठेवताना दुप्पट विचार हवा. टास्कबारवर चिन्ह टाचण्याचा अधिकार विंडोजने इन्स्टॉलरला दिलेला नाही. तो वापरकर्त्याचा स्वतःचा आहे.

देवनागरी नावे

शॉर्टकटचे नाव हेच त्याच्या फाइलचे नाव असल्याने मराठी प्रोग्रॅमाचे नाव मेनूत देवनागरीत दिसावे, अशी इच्छा असल्यास फाइलचे नाव देवनागरीत द्यावे लागते. विंडोजमध्ये मराठीसाठी युनिकोडपूर्व सांकेतिक पृष्ठ (कोड पेज) कधीच नव्हते. मराठी व हिंदी या तेथे केवळ युनिकोडवर चालणाऱ्या भाषा आहेत. परिणामी युनिकोडपूर्व पद्धतीने बांधलेल्या इन्स्टॉलरमधून देवनागरी नाव दिल्यास त्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि प्रश्नचिन्ह हे फाइलच्या नावात निषिद्ध असल्याने शॉर्टकट तयारच होत नाही. इनो सेटअपची सहावी आवृत्ती केवळ युनिकोड आहे. एनएसआयएसमध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून स्क्रिप्टच्या आरंभी 'युनिकोड ट्रू' असे लिहून ही सोय मिळते. एमएसआय फाइलला स्वतःचे सांकेतिक पृष्ठ असते. तेथे यूटीएफ-८ चा ६५००१ हा क्रमांक देऊन मार्ग काढतात.

मराठीपुरती एक सूक्ष्म अडचण अशी की, 'साऱ्या', 'दुसऱ्या' यांसारख्या शब्दांतील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो: नुक्त्याचा र व हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, विंडोजच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत. इन्स्टॉलरमध्ये एका रीतीने व अनइन्स्टॉलरमध्ये दुसऱ्या रीतीने नाव टंकित झाले, तर शॉर्टकट पुसला जात नाही आणि दोष काही केल्या दिसत नाही. नाव स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहून पुढे सर्वत्र त्याचाच निर्देश करणे, हा त्यावरील साधा उपाय.

पडद्यावरील नाव वापरकर्त्याच्या भाषेनुसार बदलते ठेवण्यासाठी विंडोजमध्ये 'एसएच-सेट-लोकलाइज्ड-नेम' ही आज्ञा आहे. फाइलचे खरे नाव तेच राहून दिसणारे नाव निराळे ठेवता येते.

अन्य संचालन प्रणाली

लिनक्समध्ये शॉर्टकटचे काम 'डेस्कटॉप' हे विस्तारनाम असलेली साधी मजकूर फाइल करते. तिचे नियम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवलेले असून ग्नोम, केडीई आदी डेस्कटॉप ते पाळतात. सर्वांसाठीच्या फाइली '/यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स' मध्ये व एका व्यक्तीच्या फाइली तिच्या गृहफोल्डरातील '.लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स' मध्ये असतात. दोहोंत एकाच नावाची फाइल असल्यास वैयक्तिक फाइल सामाईक फाइलवर मात करते. त्यामुळे नको असलेला सामाईक दुवा सामान्य वापरकर्ता कोणाचीही परवानगी न घेता स्वतःपुरता लपवू शकतो: त्याच नावाच्या आपल्या फाइलमध्ये 'नो-डिस्प्ले' हे मूल्य 'ट्रू' केले की झाले. विंडोजच्या सार्वजनिक डेस्कटॉपपेक्षा ही रीत निःसंशय अधिक सुसंस्कृत आहे. प्रोग्रॅमचे नावही एकाच फाइलमध्ये अनेक भाषांत देता येते. 'नेम' या शब्दापुढे चौकटी कंसात 'एमआर' हे मराठीचे चिन्ह लिहून दिलेले नाव मराठीत डेस्कटॉप वापरणाऱ्यास दिसते, इतरांस त्यांच्या भाषेतील.

मॅकओएसमध्ये वेगळ्या शॉर्टकटची सहसा गरज पडत नाही. मुख्य 'अ‍ॅप्लिकेशन्स' फोल्डरात ठेवलेला प्रोग्रॅम सर्वांना दिसतो, व्यक्तीच्या गृहफोल्डरातील त्याच नावाच्या फोल्डरात ठेवलेला त्या व्यक्तीला. पडद्याच्या तळाशी असलेला 'डॉक' प्रत्येकाचा स्वतंत्र असतो.